खुर्ची सोडा, सतरंजीवर या

भाऊबीज झाली की आपल्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. धान कापणीला आलेले असते, घरोघरी पाहुणे उतरलेले असतात, आणि आज या गावची तर उद्या त्या गावची मंडई भरते. दिवसा दंडार नि खडी गंमत, रात्री नाटक. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चारही जिल्ह्यांना हा क्रम नवा नाही. २०२३ साली या रंगभूमीचे कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्राचेही लक्ष इकडे वळले.

आरोग्याच्या सदरात मंडईचे काय काम, असे काही वाचक विचारतील. काम आहे. मंडईच्या दिवसांत माझ्या दवाखान्यात दोन प्रकारचे रोगी येतात. पहिले, नको ते करून आलेले : रात्रभर जागरण, तोंडात खर्रा, अंगावर थंडी. दुसरे, हवे ते न करता आलेले. पहिल्यांविषयी सगळेच बोलतात. आज मला मुख्यतः दुसऱ्यांविषयी लिहायचे आहे.

हवे ते म्हणजे काय? तर आवडत्या शाहिराने आवाज लावला, ढोलकीवर थाप पडली, की उठून नाचणे. वाचक हसतील, हसू द्या. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला मी “रोज अर्धा तास चाला” असे सांगतो, तेव्हा तो मान डोलावतो. पुढच्या महिन्यात विचारले की उत्तरे ठरलेली : पाऊस होता, ड्यूटी होती, कंटाळा आला. हाच गृहस्थ मंडईत बसला की पायाच्या अंगठ्याने जमिनीवर ताल धरतो. म्हणजे शरीराला हलायचे असते. तो ताल अंगठ्यापासून गुडघ्यापर्यंत चढू द्यायचा नाही, यासाठी मात्र तो सगळी ताकद खर्च करतो. मी म्हणतो, चढू द्या की!

मागे एकदा हिवाळ्यात एक मुलगा आईला घेऊन दवाखान्यात आला. बाईंचे वय अठ्ठावन्न. आठ वर्षांपासून मधुमेह, दोन्ही गुडघ्यांची झीज, यजमान आजाराने जाऊन दहा वर्षे झालेली. मुलगा शिकलेला, नोकरीवाला. म्हणाला, “डाक्टरसाहेब, बुढीले जरा समजावून सांगा जी. मंडईत साऱ्या गावासमोर नाचली. लोकं मले हासून रायले.” बाई मान खाली घालून बसल्या होत्या. मी त्यांना विचारले, “नाचताना गुडघे दुखले का?” त्या हळूच म्हणाल्या, “नाई जी. त्या टायमाले गुडघे हायेत, हेच याद नाई रायलं.”

चौकशी केली तेव्हा खरा प्रकार कळला. मुलगा रागावला त्या दिवसापासून बाईंनी घराबाहेर पडणे सोडले होते. भजनाला जाणे बंद, सकाळचे फिरणे बंद, जेवणावर वासना नाही, रात्री झोप नाही. रक्तातली साखर बरीच वाढलेली. मुलाच्या मते आईला नाचण्याने आजार झाला. मला दिसत होते ते उलटे. नाचून त्यांचे काहीच बिघडले नव्हते. बिघडले ते लाजेने घरात कोंडून घेतल्यावर. मी नेहमीच्या गोळ्या लिहिल्या आणि चिठ्ठीच्या शेवटी एक ओळ मराठीत लिहिली : “पुढच्या मंडईला आईला स्वतः घेऊन जाणे.” मुलाने चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. बोलला काही नाही. महिन्याभराने बाई एकट्याच तपासणीला आल्या. भजनाला पुन्हा जाऊ लागल्या होत्या, साखरही खाली येत होती. मंडईचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

ही एका घरची गोष्ट नाही. आपल्या समाजाची नाचाविषयीची वागणूक मोठी विचित्र आहे. मुलाच्या वरातीत तरुण पोरे रस्ता अडवून नाचतात, ते चालते. नाटकात लावणी सुरू झाली की स्टेजवरच्या बाईसाठी नोटा निघतात, तेही चालते. पण घरातल्या बाईचा हात तालावर जरा वर उठला, की तोच नोटा देणारा हात तिला खाली बसवतो. पुरुषांचीही सुटका नाही. मास्तर, बाबू, सुपरवायझर, डॉक्टर यांनी नाचायचे नाही, असा अलिखित नियम आहे. पद जितके मोठे तितकी मान ताठ, आणि मान जितकी ताठ तितका मानेचा पट्टा लवकर, हे मी दवाखान्यात बसून रोज पाहतो.

आता वैद्यकाच्या भाषेत पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचे शारीरिक श्रम करावेत. वय ६५ च्या पुढे गेले की त्यासोबत आठवड्यातून किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व ताकद वाढवणारे व्यायामही करावेत. मध्यम श्रम म्हणजे किती, हे ओळखायला यंत्र लागत नाही. हालचाल करताना शेजाऱ्याशी बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतका दम लागला की समजावे, श्रम मध्यम आहेत. योगायोग पाहा : गाणे शाहिराने म्हणायचे आणि आपण फक्त नाचायचे, ही वाटणी वैद्यकशास्त्रालाही मान्य आहे!

चालण्यात पाय एकाच दिशेने एकाच रीतीने पडतात. नाचात पाय पुढे-मागे, आडवे पडतात, शरीराचा भार या पायावरून त्या पायावर जातो, मान आणि कंबर वळते. उतारवयात माणूस पडतो तो बहुधा अशाच वळण्याच्या क्षणी : रात्री बाथरूमला जाताना, उंबरठा ओलांडताना. पडला की खुब्याचे हाड मोडते, आणि त्यानंतर अनेक वृद्ध पूर्वीसारखे उठत नाहीत. वळण्याची, सावरण्याची सवय शरीराला असलेली बरी. शिवाय पाय जमिनीवर टेकून केलेल्या श्रमाने हाडांनाही बळ मिळते. पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडे झपाट्याने ठिसूळ होतात, म्हणून त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

मेंदूचेही ऐका. अमेरिकेतील एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पंचाहत्तरीपुढच्या ४६९ व्यक्तींवर कित्येक वर्षे लक्ष ठेवले होते. वाचन करणारे, बैठे खेळ खेळणारे, वाद्य वाजवणारे यांच्यात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. शारीरिक हालचालींच्या यादीत मात्र असे नाव एकच निघाले, ते नाचाचे. अशा अभ्यासाने नाचामुळेच मेंदू शाबूत राहिला हे सिद्ध होत नाही. ज्यांचा मेंदू शाबूत होता तेच नाचत असतील, असेही म्हणता येते. पण ताल ऐकणे, पाऊल आठवणे, शेजाऱ्याच्या हाताकडे पाहणे ही तीन कामे एकाच वेळी करताना मेंदू रिकामा बसत नाही, एवढे नक्की.

आणखी एक. २०१५ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्राझीलमधील शाळकरी मुलांना एकत्र नाचायला लावले. एका तालात, एकसारखी पावले टाकून नाचलेल्या मुलांची वेदना सोसण्याची शक्ती वाढली, आणि एकमेकांविषयी जवळीकही. “गुडघे हायेत हेच याद नाई रायलं,” असे आमच्या बाई म्हणाल्या होत्या, ते काही नुसते बोलणे नव्हते.

आता प्रश्न येतो, नाचायचे कुठे आणि कोणासमोर? गेल्या वर्षी जवाहरनगरपासून जवळच्याच एका गावी दुय्यम खडी गंमत होती. एक शाहीर कलगीचा, एक तुऱ्याचा. त्यांपैकी एकाचे गाणे मी शाळकरी वयात वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून ऐकायला जात असे. आज त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. आयोजकांनी प्रथेप्रमाणे मला खुर्ची दिली. सरपंच, पोलीस पाटील, गुरुजी अशी सगळी मंडळी खुर्च्यांवर, आणि बाकी गाव समोरच्या सतरंजीवर. डफ कडाडला, शाहिरांनी एक हात कानावर ठेवून आवाज चढवला, आणि सतरंजीवरची आठदहा माणसे उठली. मीही जोडे काढले आणि त्यांच्यात जाऊन उभा राहिलो. मला नाचता येत नाही. येण्याची गरजही नसते. शेजारचा शेतकरी जसे पाऊल टाकेल तसे टाकायचे. दहाच मिनिटांत घाम आला, श्वास भरला आणि फार वर्षांनी पोट धरून हसलो.

कार्यक्रम संपल्यावर शाहिरांना भेटायला मागे गेलो. ते पेटीवर बसून चहा पीत होते. पायांना हात लावला, तर उठून उभे राहिले. म्हणाले, “तुमाले नाचताना पायलो जी मी.” मी म्हटले, “इतक्या गर्दीत कसे दिसलो?” ते हसले. “पन्नास वर्षं झाले पाहून रायलो. खुर्चीवरचा माणूस टाळ्या वाजवते, सतरंजीवरचा माणूस नाचते. आमी गातो ते सतरंजीसाठी.” मग त्यांनी कमरेच्या पाकिटातून ब्लडप्रेशरची गोळी काढून मला दाखवली आणि ती रात्री घ्यावी की सकाळी, असे विचारले. लहानपणापासून ज्यांच्या आवाजाचे वेड, ते शाहीर गोळीची वेळ विचारत होते. मी म्हटले, “वेळ कुठलीही असो, रोज एकच ठेवा आणि एक दिवसही चुकवू नका.” एवढीच आमची भेट, पण त्यांचे खुर्ची-सतरंजीचे वाक्य मला अनेक पुस्तकांपेक्षा मोलाचे वाटते.

त्या रात्री शाहिरामागे उभ्या तुणतुणेवाल्याकडे पाहताना मला एका दूरच्या देशाची आठवण झाली. तो देश म्हणजे आफ्रिकेतील इथिओपिया. मराठी माणसाला तो अगदी परका नाही. ज्याने १६१० साली खडकी वसवली, तो मलिक अंबर मूळचा हबशी, म्हणजे तिकडचाच. इथिओपियात अझमारी नावाचे लोकगायक असतात. त्यांच्या हाती मसिंको हे एकाच तारेचे, गजाने वाजवायचे वाद्य असते. समोर बसलेल्या पाहुण्याला पाहून ते जागच्या जागी कवन रचतात, कधी स्तुती, कधी चिमटा. खूश झालेला पाहुणा उठतो आणि गायकाच्या कपाळावर नोट चिकटवतो. आपले शाहीर आणि हे अझमारी एकमेकांना भेटले, तर भाषा कळली नाही तरी धंदा लगेच कळेल.

मला विशेष वाटतो तो तिथला नाच. त्याला एस्किस्ता म्हणतात, आणि तो मुख्यतः खांद्यांनी नाचतात. खांदे वर-खाली, पुढे-मागे झरझर हलतात, मान आणि छाती त्यांना साथ देते. पाय फारसे जागा सोडत नाहीत. लग्न असो की मोठ्या गायकाचा जलसा, ठेका सुरू झाला की समोरासमोर उभे राहून लोक खांदे हलवू लागतात. डॉक्टर म्हणून मी हे फार महत्त्वाचे मानतो. “माझे गुडघे गेले, मी काय नाचणार?” असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. खुर्चीवर बसूनही खांद्यांनी नाचता येते! मधुमेह असलेल्यांचा खांदा आखडण्याचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक असते. केस विंचरता येत नाहीत, शर्टाच्या बाहीत हात जात नाही. सांधा मोकळा आहे तोवर तो रोज हलवावा. मात्र खांदा आधीच आखडला असेल, रात्री ठणकत असेल, तर तपासून घेतल्याशिवाय झटके देऊ नयेत.

इथे एका नाजूक गोष्टीविषयी लिहितो. २४ जानेवारी २०२५ रोजी आपल्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि आपले कामगार गेले. अशा वेळी ढोलकी थांबते, थांबलीच पाहिजे. पण शोकाचेही शरीर असते. छाती भरून येते, झोप जाते, अन्न गोड लागत नाही. दिवस उलटतात तसा माणूस हळूहळू चार लोकांत यावा लागतो. कोणी भजनात टाळ हाती घेऊन येतो, कोणी मुलांसोबत फुगडी पाहायला उभा राहतो, कोणी वर्षांनंतर नाचतो. ते केव्हा करायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. विधवेने किती वर्षांनी हसावे, याचे वेळापत्रक शेजारी-पाजारी नि घरच्यांनी ठरवू नये. त्याने कोणाचा शोक कमी होत नाही. एकटेपणा तेवढा वाढतो, आणि एकटेपणाने ब्लडप्रेशर नि साखर दोन्ही बिघडतात.

“डॉक्टर, तुम्ही धिंगाण्याला उत्तेजन देता,” असा आक्षेप येईल. नाही. दारू पिऊन डीजेच्या भिंतीसमोर कोसळेपर्यंत उड्या मारणे याला मी नाच म्हणत नाही. त्यात कान जातो, कधी कधी जीव जातो. मी सांगतो तो नाच आपल्याकडे पूर्वीपासून आहे. बायकांची भुलाबाईची गाणी नि फुगड्या, भजनी मंडळाची पावली, दंडारीचा फेर. आजी नातीसोबत फेर धरते, तेव्हा तिला कोणी निर्लज्ज म्हणत नाही. मग तीच आजी शाहिराच्या डफावर दोन पावले टाकते, तेव्हा आभाळ का कोसळावे?

आता पथ्ये. ही कापून ठेवावीत :

१) छातीत दुखण्याचा पूर्वीचा त्रास असेल, अलीकडे हार्ट अटॅक येऊन गेला असेल किंवा ब्लडप्रेशर ताब्यात नसेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. ज्यांना बरेच दिवस हालचालीची सवय नाही, त्यांनी पहिल्या दिवशी पाच मिनिटे पुरे मानावीत.

२) नाचताना छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, विलक्षण दम यांपैकी काही वाटले तर लगेच थांबा आणि १०८ वर फोन करा. “गॅस असेल” म्हणून सोडा पीत बसू नका.

३) मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी नाचू नये. खिशात साखर किंवा गूळ असावा. हातपाय थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच तोंडात टाका.

४) सिकलसेलचा आजार आपल्या भागात अनेक घरांत आहे. अशा रुग्णांना थंडी, तहान आणि अतिश्रम बाधतात. त्यांनी अंगात उबदार कपडे घालावेत, पाणी भरपूर प्यावे, दमण्याआधी बसावे आणि पहाटेच्या गारठ्यात थांबू नये.

५) स्पीकरपासून दूर नाचा. दुसऱ्या दिवशी कान वाजत असतील तर आवाज जास्त होता असे समजा. कारखान्यात गोंगाटाच्या विभागात काम करणाऱ्यांनी तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

६) खर्रा थुंकून टाका आणि मग नाचा. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात नि हृदयाची धडधड वाढते. नाचताना त्याच हृदयाकडून जादा काम घ्यायचे असते. तोंडातला व्रण किंवा बसलेला आवाज तीन आठवड्यांत बरा झाला नाही तर तपासणी करून घ्या. गाणाऱ्यांनी तर आवाज “जागरणाने बसला” म्हणून महिनोन्‌महिने काढू नयेत.

वर्षातून एकदा मंडईत नाचून आठवड्याचे दीडशे मिनिटे भरत नाहीत, हे उघड आहे. म्हणून घरी रेडिओ असेल, मोबाईल असेल, त्यावर आपल्या आवडीच्या गायकाची गाणी लावा आणि रोज पंधरा मिनिटे दार लोटून का होईना, पाय हलवा. आठवड्यात शंभरावर मिनिटे तिथेच जमतात. उरलेली चालून भरा. मंडई ही त्या सरावाची परीक्षा समजा.

आणि मुलांनो, सुनांनो, एक विनंती तुम्हाला आहे. आईवडील मंडईत उठून उभे राहिले तर त्यांचा हात धरून खाली बसवू नका. हात धरायचाच असेल तर तोल जाऊ नये म्हणून धरा, आणि दोन पावले तुम्हीही टाका. डॉक्टरांची फी वाचेल.